मुंबईच्या पहिल्या नभोवाणीची एक संध्याकाळ : आजोबांच्या वहीतील नोंदी आणि एक न सुटलेला प्रश्न

पिंपळपान

गेल्या महिन्यात गिरगावातील आमचे जुने बिऱ्हाड रिकामे करताना आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या हाती लागल्या. आजोबा एका व्यापारी पेढीवर कारकून होते आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक आण्याची नोंद ते रोज रात्री निजण्यापूर्वी करीत असत. 1928 च्या दिवाळीच्या पानावर ओळीने पाच नोंदी आहेत : ‘बिनतारी यंत्र, खड्याचे’, ‘हेडफोन, जोड 1’, ‘तांब्याची तार’, ‘चिनी मातीच्या गुट्ट्या, 4’ आणि ‘पोस्टात बिनतारी परवाना, रु. 10’. त्या वाचल्यापासून माझे मन दुसऱ्या कशात लागत नाही. या नोंदींमागची एखादी संध्याकाळ शक्य तितकी नेमकी उभी करावी, असे मनाने घेतले आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मुंबईत हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने 1923 मध्येच प्रक्षेपणाचे प्रयोग केले होते, परंतु नियमित केंद्र सुरू झाले ते 23 जुलै 1927 रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. ते सरकारी नव्हते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी ते चालवीत असे आणि महिन्याभरात, 26 ऑगस्टला, तिने कलकत्त्याचे केंद्रही सुरू केले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढायचा, त्यातले आठ रुपये कंपनीला मिळायचे आणि शिवाय परदेशातून येणाऱ्या यंत्रांच्या किमतीवर तिला दहा टक्के आकार मिळायचा, अशी व्यवस्था होती. मुंबई केंद्राची शक्ती दीड किलोवॉट होती. खड्याच्या यंत्रावर ते केंद्र सुमारे तीस मैलांपर्यंत ऐकू येई, असे त्या काळी धरले जात असे. 1927 च्या अखेरीस सबंध हिंदुस्थानात साडेतीन हजारांच्या आसपास परवाने होते. म्हणजे आमचे घर पहिल्या काही हजारांतले होते, हे मला आता प्रथमच कळते आहे.

खड्याच्या यंत्राला वीज लागत नसे आणि बॅटरीही लागत नसे, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर त्यांचा विश्वास बसत नाही. केंद्राकडून येणाऱ्या लहरींतच जी अगदी अल्प शक्ती असते, तेवढ्यावरच हेडफोनचा पडदा थरथरे. म्हणूनच एरियल लांब आणि उंच असावे लागे आणि जमिनीशी जोडणी चोख असावी लागे. वडील तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांनी सांगितलेले मला चांगले आठवते : चाळीच्या गच्चीवरच्या बांबूपासून समोरच्या इमारतीच्या कठड्यापर्यंत चौकावरून तार ओढली होती, तिची दुसरी शेपटी खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती आणि जमिनीची तार मोरीतल्या नळाला गुंडाळली होती. नळाचा तो भाग आजोबा दर रविवारी पॉलिशकागदाने घासून लखलखीत करीत, कारण गंज चढला की आवाज खोल जाई.

संध्याकाळी पेढीवरून आल्यावर आजोबा हातपाय धुऊन, देवापुढे दिवा लागला की यंत्रासमोर बसत. शिशाच्या खनिजाचा एक चमकदार खडा पितळी वाटीत बसवलेला असे आणि त्याच्यावर बारीक तारेचे टोक अलगद टेकवायचे असे. खड्याची प्रत्येक जागा चालत नाही. तारेचे टोक इकडून तिकडे सरकवत, श्वास रोखून, चालणारी जागा शोधावी लागे आणि ती सापडली की घरातल्या कोणी पाय आपटून चालायचे नाही, कारण फळी हादरली की जागा सुटे आणि गाणे अर्ध्यावर बंद पडे. वडील म्हणत की या शोधाला कधी पाच मिनिटे लागत, तर कधी अर्धा तास, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरात आजी भाकरीसुद्धा थापत नसे.

हेडफोन एकच. त्याची दोन कर्णफुले फिरकी काढून वेगळी करता येत, तेव्हा एक आजोबांच्या कानाला आणि दुसरे पाळीपाळीने बाकीच्यांच्या कानाला. सणावारी शेजारी आले की दोन्ही फुले पितळी परातीत ठेवायची आणि सर्वांनी परातीभोवती डोकी एकत्र आणून ऐकायचे. परातीमुळे आवाज थोडा मोठा होई. सात-आठ माणसे एका परातीवर वाकलेली आहेत आणि कोणी खोकला आला तर तोंडात पदर धरून बाहेर जाते आहे, हे दृश्य वडिलांनी इतक्या वेळा सांगितले, की ते मी स्वतः पाहिल्यासारखे वाटते.

आता प्रश्न. परवान्याची नोंद 1928, 1929 आणि 1930 अशा तिन्ही दिवाळ्यांना आहे. 1931 च्या दिवाळीला ती नाही. पुढची नोंद एकदम 1932 च्या जूनमध्ये सापडते. त्या दिवाळीला फराळाचे सामान, मुलांचे कपडे, शाळेची फी, सर्व काही नेहमीप्रमाणे आहे. घरात आजारपण नव्हते आणि नोकरीही शाबूत होती. मग अशा काटेकोर माणसाने परवाना का काढला नाही? जाणकारांनी सांगावे. आणि आपापल्या घरातील पहिल्या रेडिओच्या संध्याकाळी कशा असत, तेही लिहावे.

सह्यकडा

फार मोलाचा धागा आहे. प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, परंतु घाटावरची बाजू सांगतो, कारण तीस मैलांच्या वर्तुळाबाहेरच्यांची संध्याकाळ अगदी वेगळी होती.

खरे तर नियमित केंद्र सुरू होण्याच्या सहा वर्षे आधीच पुण्याने मुंबईचे गाणे ऐकले होते. 1921 च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा खास कार्यक्रम प्रक्षेपित केला होता आणि त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला होता. त्यांच्याच विनंतीवरून तो झाला होता. सामान्य पुणेकराला मात्र व्हॉल्व्हच्या, म्हणजे क्षीण लहरी वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, यंत्राशिवाय गत्यंतर नव्हते, कारण मुंबईपासून पुणे सरळ रेषेत सुमारे एकशेवीस किलोमीटर आणि मध्ये सह्याद्री.

आमच्याकडे असे यंत्र 1934 च्या सुमारास आले. मुंबईच्या खड्याच्या यंत्राला काहीच लागत नसे, तर आमच्या यंत्राचा पोटापाण्याचा खर्च मोठा होता. व्हॉल्व्हच्या तारा तापवण्यासाठी दोन व्होल्टची, आम्ल भरलेली काचेची बॅटरी आणि त्याशिवाय शंभर-सव्वाशे व्होल्टची कोरडी बॅटरी लागत असे. काचेची बॅटरी आठवड्यातून एकदा भरून आणावी लागे. हे काम माझ्या थोरल्या काकांकडे होते. ते कापडी पिशवीत बॅटरी घालून, ती जराही कलू न देता, दुकानापर्यंत पायी जात, कारण आम्ल सांडले की धोतराला भोके पडत. बॅटरी अर्धी उतरली की घरात ठराव होई : आज फक्त अर्धा तास. त्यामुळे कार्यक्रमपत्रिका आधी वाचून, कोणता अर्धा तास निवडायचा यावर जेवताना चर्चा चाले. ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमांचे पाक्षिक 1927 च्या जुलैपासूनच निघत होते आणि 1935 च्या अखेरीस त्याचेच ‘इंडियन लिसनर’ झाले. काका त्यातल्या ओळींखाली शिसपेन्सिलीने रेघा ओढीत.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसा जवळजवळ काहीच नाही आणि काळोख पडला की मुंबई येई. याचे कारण असे, की वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यप्रकाशाने विद्युतभारित थर तयार होतात. त्यातला सर्वांत खालचा थर मध्यम लहरी दिवसा शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो विरून जातो, तेव्हा लहरी वरच्या थरावर आपटून दूरवर परत जमिनीवर येतात. जमिनीलगत आलेली लहर आणि वरून परतलेली लहर एकत्र मिळाल्या, की कधी आवाज फुगतो आणि कधी बुडतो. आमच्या घरी याला ‘गाणे विहिरीत गेले’ असे म्हणत. विहिरीत गेलेले गाणे वर येईपर्यंत कोणीही बोलायचे नाही, असा नियम होता. ॲपलटन या शास्त्रज्ञाने 1924 च्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्याच प्रक्षेपकाचा उपयोग करून आणि याच चढउतारांचा अभ्यास करून तो वरचा थर खरोखर आहे, हे सिद्ध केले. 1947 चे नोबेल त्यांना याच क्षेत्रातील कामासाठी मिळाले. घरोघरी ज्याने जीव मेटाकुटीला येई, त्याच बुडण्या-फुगण्यातून विज्ञानाने केवढी गोष्ट काढली, याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

तंबोरा

संगीताच्या अंगाने लिहितो, कारण परातीभोवती वाकलेली ती सात-आठ माणसे नेमके काय ऐकत होती, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचा तो श्वास रोखणे समजणार नाही.

तोवर घरात गाणे येई ते तबकडीवर. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळे गवयाला ख्याल उकलायला जागाच नसे. स्थायी, दोन आलाप, चार ताना, की संपले. मैफल ऐकायची तर आमंत्रण हवे, रात्रभर घराबाहेर राहण्याची मुभा हवी, आणि ती घरातल्या बायकांना जवळजवळ नव्हतीच. नभोवाणीने प्रथमच असे झाले, की पंधरा मिनिटे, अर्धा तास सलग राग उलगडतो आहे आणि तो चुलीपाशी बसलेल्या बाईच्या कानावर पडतो आहे. माझ्या पणजीला मारवा आणि पूरिया यांतला फरक कळत असे. ती कधीही कोणत्याही मैफलीला गेली नव्हती. तिचे सगळे शिक्षण या अर्ध्या तासांतून झाले होते.

त्या वेळी बहुतेक सारे प्रक्षेपण जिवंत असे. गवई केंद्रावर प्रत्यक्ष बसून गात आणि त्याच क्षणी ते घरात येई. त्यामुळे बसलेला घसा, सुटलेली तार, तबलजीची हातोडी, सारे काही ऐकू येई. गवयांची अडचण निराळी होती. समोर श्रोता नाही, दाद नाही, भिंतींना आवाज शोषणारे पडदे, आणि घड्याळाकडे बोट दाखवणारा माणूस. जी माणसे समेवर येणाऱ्या ‘वाहवा’वर पुढची जागा घेत, त्यांना ही शांतता किती जड गेली असेल, याची कल्पना गाणाराच करू शकेल.

एक जखम मात्र महाराष्ट्राला विशेष लागली. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमची साथ बंद केली. ठराविक पट्ट्यांच्या या वाद्यातून श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरे, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाहीत, हा आक्षेप होता. शास्त्र म्हणून त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु ज्या भाषेचे नाट्यसंगीत पायपेटीच्या स्वरांवर वाढले आणि ज्या मातीने गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक दिला, त्या श्रोत्यांना आपल्याच ओळखीचे गाणे अचानक उघडे पडल्यासारखे वाटले असणार. ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. माझ्या मते तो निर्णय चुकीचा होता, आणि सारंगीला त्यामुळे चार दिवस बरे आले, एवढीच त्याची जमेची बाजू आहे.

जाता जाता एक. केंद्र उघडताना वाजणारी ती प्रसिद्ध धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. नाझींच्या छळाच्या काळात युरोप सोडून ते 1934 मध्ये मुंबईत आले आणि पुढे 1946 पर्यंत येथील केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. शिवरंजनीची छाया असलेली ती धून एका निर्वासित माणसाची आहे, हे कळल्यापासून मला ती अधिकच जवळची वाटते.

चिमणीखालून

वरील सर्व लेखन मनापासून आवडले. तरीही एक गोष्ट नोंदवणे मला कर्तव्य वाटते. दहा रुपये ही गिरणी कामगाराच्या दृष्टीने चैन होती आणि यंत्राची किंमत तर त्याच्या विचारातही नव्हती. लालबाग-परळच्या आमच्या चाळीत पहिला रेडिओ स्वातंत्र्यानंतर आला. त्याआधीची आमची संध्याकाळ इराण्याच्या हॉटेलाबाहेरच्या पदपथावर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझे आजोबा पाळी सुटली की तेथे उभे राहत. आत बसायचे तर चहा घ्यावा लागे, म्हणून बाहेर. बातम्या इंग्रजीत असल्या तर एखादा शिकलेला मुलगा मधून मधून मराठीत सांगे, आणि त्याने सांगितलेले मागच्या रांगेपर्यंत पोहोचेस्तोवर त्यात दोन-चार गोष्टींची भर पडलेली असे. हेही रेडिओ ऐकणेच होते. परवान्यांच्या आकड्यांवरून श्रोते मोजले, तर पदपथावरची ही माणसे कोठेच दिसणार नाहीत.

पिंपळपान

चिमणीखालून, आपण लिहिले ते अगदी खरे आहे आणि ते मूळ लेखातच यायला हवे होते. आमच्या परातीभोवतीही बिऱ्हाडातील माणसेच असत. चाळीच्या तळमजल्यावर राहणारे गडी आणि घरकामाच्या बाया जिन्यात उभे राहत, आणि हेडफोनचा आवाज जिन्यापर्यंत जाणे शक्यच नव्हते. वडिलांनी हे सांगितले होते, मी लिहायचे राहिले.

चौपाटीकर

रेडिओ चोरून ऐकण्याच्या संध्याकाळीही मुंबईने पाहिल्या आहेत, त्यांचा उल्लेख येथे असावा.

1942 च्या ऑगस्टमध्ये नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले आणि ऑल इंडिया रेडिओवरून सरकारला हवे तेवढेच कळू लागले. अशा वेळी उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर आदी तरुणांनी काँग्रेस रेडिओ उभा केला. 27 ऑगस्टला त्यावरून पहिले प्रक्षेपण झाले. ‘हिंदुस्थानातून कोठून तरी, 42.34 मीटरवर’ अशी त्याची ओळख दिली जाई. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून प्रक्षेपक पुनःपुन्हा जागा बदलत असे. राममनोहर लोहिया यांचा या कामात मोठा वाटा होता. 12 नोव्हेंबरला गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांनी छापा घातला तेव्हा प्रक्षेपण चालूच होते. उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

श्रोत्याच्या बाजूने विचार करा. 42.34 मीटर म्हणजे लघुलहरी. खड्याच्या यंत्रावर ते येणे शक्य नव्हते. लघुलहरींचा पट्टा असलेले व्हॉल्व्हचे यंत्र हवे, म्हणजे सुखवस्तू घर हवे, आणि अशा घरांना सरकारी रोषाची भीती अधिक. माझ्या मामेआजोबांच्या घरी आधी खिडक्या लावून घेत, मग यंत्रावर जाड गोधडी टाकून दोघे तिच्याखाली शिरत. काटा त्या जागेवर राहू नये, म्हणून ऐकून झाले की तो आठवणीने मुंबई केंद्रावर आणून ठेवीत. विदर्भातील आष्टी-चिमूरला काय अत्याचार झाले, हे त्यांना प्रथम गोधडीखाली कळले. दुसऱ्या दिवशी ती बातमी मामेआजोबा कचेरीत चार विश्वासू माणसांच्या कानात सांगत. म्हणजे वर म्हटलेला पदपथ येथेही होता, फक्त तो कुजबुजत होता.

मांडवी

चौपाटीकरांच्या लेखनाला गोव्याची एक पुरवणी जोडते. पोर्तुगीज राजवटीत 1955 च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर कॅसलरॉकहून गुप्त नभोवाणी चालवीत होते. कोंकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत ती असे. आमच्या फोंड्याच्या घरी आजोबा ती माळ्यावर बसून ऐकत आणि आजी खाली अंगणात मुद्दाम मोठ्याने नारळ सोलत बसे. बाहेरच्या माणसाला माळ्यावरचा आवाज जाणवू नये, हे तिचे काम होते, आणि म्हणून तिने स्वतः ती नभोवाणी फारशी ऐकलीच नाही. मुक्तीनंतर तिला हे शल्य राहिले होते.

बांधावरून

मुंबईचे आरंभीचे युग 1927 चे, तर आमच्या गावचे 1956 चे. तेव्हाही गावाच्या दृष्टीने सारे पहिलेच होते, म्हणून ही आठवण या धाग्यात बसते, असे मला वाटते.

पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने त्या केंद्राने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडली होती. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे आणि असे एकूण वीस कार्यक्रम झाले. ऐकून उठून जायचे नाही, तर मंडळाने त्यावर चर्चा करायची, ठराव लिहायचा आणि शंका पुण्याला कळवायच्या, अशी रीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला.

माझे वडील आमच्या मंडळाचे लेखनिक होते. ते सांगत, की पहिल्या दोन संध्याकाळी कोणी बोललेच नाही, कारण चावडीत पाटलांच्या आधी तोंड उघडण्याची सवय कोणालाच नव्हती. तिसऱ्या खेपेला उंदरांच्या नाशाचा विषय निघाला आणि एका तरुण शेतकऱ्याने सांगितले, की पुण्याचे साहेब सांगतात ते औषध आमच्या कणगीला चालणार नाही. वडिलांनी ते तसेच्या तसे लिहून पाठवले. पुढे एका कार्यक्रमात त्या शंकेला उत्तर आले आणि गावाचे नाव उच्चारले गेले. आपल्या गावाचे नाव त्या पेटीतून ऐकल्यावर चावडीत जी शांतता पसरली, तिचे वर्णन करताना वडिलांचा आवाज साठ वर्षांनंतरही बदलत असे. आई मात्र त्या मंडळात नव्हती. ती आणि इतर बायका चावडीमागच्या बोळात उभ्या राहून ऐकत आणि कार्यक्रम संपताच, पुरुष चर्चेला बसले असताना, आपली चर्चा विहिरीवर करीत. त्या चर्चेचा ठराव कोणी लिहून घेतला नाही.

जुने दप्तर

पिंपळपान यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते कंपनीच्या इतिहासात आहे.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी अपुऱ्या भांडवलावर उभी होती. परवान्यांची संख्या 1929 च्या अखेरीसही आठ हजारांच्या आतच होती आणि त्यावर दोन केंद्रांचा खर्च भागत नव्हता. 1 मार्च 1930 रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. श्रोते आणि यंत्रांचे व्यापारी यांच्या आग्रहामुळे सरकारने 1 एप्रिलपासून ती केंद्रे आपल्याकडे घेतली आणि इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस या नावाने, प्रायोगिक म्हणून, चालू ठेवली. म्हणूनच 1930 च्या दिवाळीला तुमच्या आजोबांची नोंद आहे. परंतु मंदीचे दिवस होते आणि तोटा चालूच राहिला, तेव्हा ऑक्टोबर 1931 मध्ये सरकारने नभोवाणी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरमध्ये होती. जे केंद्र बंद पडणार, त्याच्यासाठी पुढच्या वर्षाचे दहा रुपये कोणता हिशेबी माणूस भरेल?

या निर्णयाविरुद्ध एवढा ओरडा झाला, की नोव्हेंबर संपण्याआधीच सरकारला तूर्तास माघार घ्यावी लागली. तरी भवितव्य लोंबकळतच होते. नभोवाणी कायम ठेवण्याचा निर्णय झाला तो मे 1932 मध्ये. तुमची पुढची नोंद जूनची आहे. माझ्या मते हा मेळ योगायोगाचा नाही. खर्च भागवण्यासाठी सरकारने यंत्रांवरची जकात दुप्पट करून पन्नास टक्क्यांवर नेली, आणि 1932 च्या डिसेंबरमध्ये बीबीसीची साम्राज्य सेवा सुरू झाल्यावर येथील युरोपियनांनी भराभर यंत्रे घेतली, त्यामुळे परवाने वाढत जाऊन 1934 च्या अखेरीस सोळा हजारांवर पोहोचले. पुढे बीबीसीतले लायोनेल फील्डन येथील नभोवाणीचे प्रमुख म्हणून आले आणि 8 जून 1936 रोजी या सेवेचे ऑल इंडिया रेडिओ झाले.

आणखी एक बारकावा. परवान्याशिवाय यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा 1933 चा आहे आणि तो 1934 च्या आरंभापासून लागू झाला. त्याआधी बिनपरवाना ऐकणारे पुष्कळ होते आणि त्यांना पकडणे अवघड होते. म्हणजे 1931 च्या त्या हिवाळ्यात तुमच्या आजोबांना परवान्याशिवाय ऐकणे सहज शक्य होते, केंद्रही चालू होते. त्यांनी तसे केले का, हे मात्र वहीच सांगू शकेल.

पिंपळपान

जुने दप्तर, आपले उपकार कसे मानावेत ते कळत नाही. आपला प्रतिसाद वाचल्यावर काल रात्री मी 1931 ची वही पुन्हा काढली आणि या वेळी केवळ परवान्याचा शब्द न शोधता नोव्हेंबरपासूनची प्रत्येक ओळ वाचली. दिवाळीनंतर चार दिवसांनी एक नोंद आहे, जी मी आधी घरदुरुस्तीची समजून सोडून दिली होती : ‘गच्चीवरील तार व बांबू उतरविणे, हमाली 4 आणे’. परवाना संपला त्याच आठवड्यात त्यांनी एरियल उतरवले होते. त्यानंतर सात महिने तारेचा, खड्याचा, गुट्ट्यांचा कोठेही उल्लेख नाही.

1932 च्या जूनच्या पानावर परवान्याच्या दहा रुपयांखाली दोन ओळी आहेत : ‘बांबू नवा, 1’ आणि ‘तार चढविणे, हमाली 4 आणे’. तिसरी ओळ शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने आणि बालबोध अक्षरात लिहिली आहे : ‘पेढे’. पुढे रक्कम नाही. अक्षर वडिलांचे आहे, ते तेव्हा दहा वर्षांचे होते, आणि आजोबांनी ती ओळ खोडलेली नाही.